दुपारचं पाणी

"त्यात आई हाय," पुनम दारातूनच म्हणाली. "रोल धुतलास का?"

कॅमेऱ्याचा रोल कहकशांच्या हातातच होता. धुवायलाच काढलेला. "कोणाची आई?"

"माझी. दवाखान्यातली. शेवटची."

कहकशांनं रोल जपून स्टुलावर ठेवला. आईची तेरवी आटोपताच पुनम पहिल्या गाडीनं लातूरहून नांदेडला का धावत आली, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं.

दोघींचं काम असं चालायचं : पुनमनं लातुरात एक रोल काढायचा, तो परत डबीत गुंडाळून एसटीच्या पार्सलनं नांदेडला धाडायचा, आणि कहकशांनं त्याच फिल्मवर पुन्हा फोटो काढायचे. एका चौकटीत दोन गावं. आपण काय काढलं ते एकमेकींना सांगायचं नाही, हा नियम. पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांना तोच तर फार आवडला होता. नियम पुनमचा. वा रे नियम! चुलीत घालावा असला नियम, पण ते नंतर सुचतं.

"तू काय काढलंस?" पुनमनं विचारलं.

"विष्णुपुरीचं धरण."

"कधी?"

"भर दुपारी. पाणीच जास्त हाय गं त्यात."

दुसऱ्यांदा पडलेला उजेड आधीचं चित्र खाऊन टाकतो; सावली असेल तेवढ्याच जागी ते उरतं. हे दोघींना पाठ होतं. आणि भर दुपारी भरलेल्या धरणावर सावली येणार कुठून?

तरी रोल धुतला. न्हाणीत अंधार करून, दोघींनी मिळून. पुनम फिल्म अन् औषध घातलेला डबा हलवत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. सेकंद मोजत असेल, नाहीतर देवाला आळवत असेल.

ओली फिल्म कहकशांनं चिमट्यानं दोरीला लावली आणि दिवा लावला. फिल्मवर उजेड काळा उमटतो. जिथं जिथं पुनमच्या आईचं, तारामतीकाकूंचं, तोंड असायला हवं होतं, तिथं तिथं काळं फासल्यासारखं झालं होतं. एका चौकटीत तेवढा, धरणाच्या दरवाजाच्या सावलीत, एक हात उरला होता. सलाईनची पट्टी लावलेला.

"एक फोन करायचा होतास गं!" कहकशां रडकुंडीला आली. "मी हातसुद्धा लावला नसता रोलला."

"नियम होता."

"आग लागो त्या नियमाला! अन् मोबाईल न्हवता का तुझ्याजवळ? त्याच्यावर का न्हाई काढलास काकूंचा फोटो?"

पुनम फिल्मकडं बघत बोलू लागली. "आई म्हणली, दाखव, कसा आला. मी म्हणलं, याच्यात लगेच दिसत न्हाई, धुवावं लागतंय. तर म्हणली, मग मोबाईलवर काढ की बाई, मला बघू तरी दे. मी म्हणलं, थांब आई, खिडकीतून लई छान उजेड पडलाय. हलू नको."

आणि मग ती रडली. न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून, हंबरडा फोडून. कहकशांनं तिला जवळ घेतलं. राग गेला नव्हता, तरी घेतलं. आपल्या हातून काय झालंय ते तिलाही गिळवत नव्हतं.

रडणं ओसरल्यावर पुनमनं तोंड धुतलं, पदरासारखी ओढणी डोळ्यांवर फिरवली, भिंग उचललं आणि फिल्मपाशी जाऊन उभी राहिली. त्या हाताच्या चौकटीवर ती बराच वेळ थांबली.

"ही पाठवू पुण्याला," ती म्हणाली. "आजवरची सगळ्यात चांगली आलीय."

कहकशां तिच्याकडं बघतच राहिली. लाज याची वाटली, की तिलाही अगदी तसंच वाटत होतं.

"खाली नाव काय द्यायचं?" तिनं हळूच विचारलं. "काकूंचं लिहू?"

"येडी हायस का?" पुनमनं भिंगावरचा डोळा काढला नाही. "आई हाय म्हणून कळलं की लोक फोटो बघत न्हाईत. हळहळत बसतात."