दप्तराचे पट्टे

शाळेची बस यायच्या आत समोरचे फौजी काका रोज हजर. मुलीच्या दप्तराचे पट्टे खेचून बघायचे, एकेक बक्कल चाचपायचं आणि मगच खांदा थोपटून तिला सोडायचं.

आज ती वैतागलीच. "काका, मी शाळेत चाललेय! विमानातून उडी नाही मारायची मला!"

"बघू दे गं त्यांना," आई डबा भरता भरता म्हणाली. "तुझ्या बाबांच्या शेवटच्या उडीच्या वेळीही काकांनीच पॅराशूटचे सगळे पट्टे तपासून दिले होते."

काका तेच बक्कल पुन्हा चाचपत राहिले. त्या दिवशी अख्खी तुकडी विमानाच्या दारात उभी होती, शस्त्रं आणि सामानाच्या ओझ्याने कुणाला धड वाकता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाने पुढच्याचे पट्टे तपासायचे होते. उडीचा हिरवा दिवा लागला आणि घाईत त्यांनी मित्राचा नुसता खांदा थोपटला होता.