बीबीची बाई

अन्नपूर्णाबाईंनी वरून पाणी ओतलं. चांगुणा ओंजळीनं प्याली आणि पुन्हा पायरीवर बसली. आत जायची तिची रीत नव्हती.

त्रेसष्ट सालापासून ती महिन्याच्या पहिल्या रविवारी बीबीहून मेहकरला यायची. कचेरीत कारकून असलेला इंद्रभान बीबीकर अन्नपूर्णाबाईंकडे भाड्यानं राहायचा. तो बाहेर येऊन तिच्या पदरात पाकीट टाकायचा. त्यावर गावाकडचं घर चालायचं, बहिणीचं शिक्षण चालायचं. अन्नपूर्णाबाई तिला ‘बीबीची बाई’ म्हणत. इंद्रभानच्या वावरातली मजूर, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आज त्या खुशीत होत्या.

“मंगळवारी आम्ही बीबीले येतो, इंद्रभान. माह्या भाचीचं तुमच्या आईशी बोलूनच टाकतो.”

इंद्रभानचा चेहरा उतरला. “आईची तब्येत बरी नसते, काकू.”

“मंग तं आलंच पाह्यजे. हे जीप सांगून आले.”

“पुढं पाहू ना.”

“काऊन? आईले दाखवाले लाजता का?”

त्यानं पायरीकडे पाहिलं. चांगुणानं पाकीट कनवटीला खोचलं.

“येऊ नका, बाईसाहेब,” ती म्हणाली. “मालकाची आई गेली. मागल्या शुक्रवारी.”

इंद्रभान भिंतीला टेकला.

“अगं, आल्या आल्या काऊन नाही सांगितलं?” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

“जीभ रेटत नव्हती.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकाच्या हातून अग्नी मिळाला नाही, निदान बाकीचं तरी व्हावं, म्हणून त्यांनी लगोलग न्हाव्याला आणि भटजींना निरोप धाडला.

“काकू, आमच्यात असं...” इंद्रभान बोलता बोलता थांबला.

“काय? माय गेल्यावर डोई करत नाही तुमच्यात?”

“करतात,” तो म्हणाला.

तो अंगणात पाटावर बसला. वस्तरा फिरू लागला. केस मातीत पडत राहिले. चांगुणा पाहत होती.

“तू जाय आता. तुही गाडी चुकन,” अन्नपूर्णाबाई तिला म्हणाल्या.

“होऊ द्या एवढं.”

भटजींनी इंद्रभानच्या ओंजळीत पाणी आणि तीळ घातले. “आईचं नाव घ्या.”

ओंजळीतलं पाणी गळून गेलं. भटजींनी पुन्हा घातलं, पुन्हा विचारलं.

“चांगुणा,” तो म्हणाला.