गेटसमोरचं झाकण

“बोर्ड वाच ना मावशी! ‘गटाराची दुरुस्ती पालिकेकडे.’ माझ्यावर कशाला खेकसतेस?” टर्फचा मॅनेजर जयेश तोंडानं बोलत होता, पण नजर तिच्या चपलांवर होती.

जमीन पालिकेची, भाड्यानं घेतलेली. वरचं फुटबॉलचं टर्फ मालकाचं. गेटसमोरचं गटाराचं झाकण तुटलं आणि तिथंच कणसं विकणाऱ्या ह्या सुगंधाबाईच्या पोरीचा पाय त्यात गेला. आता मांडीपर्यंत प्लास्टर.

“तिसरा हेलपाटा माझा,” सुगंधाबाई म्हणाली. “पालिकेत कुणी दारात उभं करत नाही. तू शिकलेला शहाणा, एक अर्ज तरी लिहून दे.”

जयेशनं कागद ओढला, पण पेन चालेना. करारात साफ लिहिलं होतं, झाकण टर्फवाल्यानंच सांभाळायचं. पोरगी पडली त्याच संध्याकाळी मालकानं बोर्ड लावायला सांगितला, आणि ह्यानं निमूट ठोकला.

खणातली कराराची झेरॉक्स त्यानं तिच्या हातात कोंबली. “पालिकेत हे दाखव. झाकण आमचंच. बोर्ड मी लावला.”

ती ओरडली नाही. “पोरीला येऊन सांगशील? ती अजून म्हणते, माझंच लक्ष नव्हतं.”

“मावशी, मला निघायला हवं आता.”