मातीची लस

सहा दिवसांचं बाळ पुन्हा ओकलं. शेवंताच्या सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, त्याला पुसून उचललं. रडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

जन्मल्याबरोबर प्रत्येकाला मातीची लस टोचत. मग जन्मभर आपल्याच तालुक्यात पिकलेलं सोसे. बाहेरचा घास पोट जाळी. शेवंता जव्हारची. लग्न होऊन चंदगडला आल्यावरही तिच्यापुरता तांदूळ माहेरून येई. बाळाला मात्र चंदगडची लस मिळाली होती.

"तुझं दूध जव्हारच्या भाताचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला बाधतंय. दुसरी पाजणारी बघा."

गावात तशी कुणीच नव्हती.

शेवंताने सासूच्या ताटातली नाचणीची भाकरी ओढून घेतली आणि एकेक घास सावकाश चावून गिळला.

"मरशील की गं, पोरी!"

"मरेन तेव्हा मरेन, आत्या. आधी दूध तर बदलू दे."

दोन दिवस ती तापाने फणफणली. ओकायची, पुन्हा खायची. बाळ इथल्या गुळाच्या पाण्यावर कसंबसं तगलं.

तिसऱ्या दिवशी तिने त्याला छातीशी धरलं. बाळ प्यायलं. द्वारकाबाई श्वास रोखून बघत राहिल्या. घटकाभर गेली, तरी दूध बाहेर आलं नाही. बाळ झोपलं.

शेवंताने पोट आवळून धरलं.

"आत्या," ती म्हणाली, "अजून एक भाकरी वाढा."