हनान सांगत होती

"सिस्टर, बाळ घ्या. माझ्या हातातून पडेल," हनान म्हणाली. आवाजात घाबरल्याचं काहीच नव्हतं. "मी आता मरणार आहे."

जवेरियाने चटकन बाळ उचलून पाळण्यात ठेवलं. बाहेर धुळीचं वादळ सुटलं होतं. खिडकीच्या काचा नारिंगी झाल्या होत्या आणि भर दुपारी वॉर्डात दिवे लावावे लागले होते. हनान सुदानची, इथल्याच खैतान भागातल्या एका शाळेत गणित शिकवायची. सिझेरियन होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी अकरापासून ती एकच गोष्ट सांगत होती, श्वास पुरत नाही.

बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र मात्र सत्त्याण्णव दाखवत होतं. हिरवा, ठाम आकडा.

ड्यूटीवरचे डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. दुसऱ्या वेळी तर त्यांनी दारातूनच आकडा पाहिला. "घाबरलीय ती. या आफ्रिकन बायका कळा मुकाट सोसतात आणि नंतर असा बोभाटा करतात. पॅरासिटामॉल द्या."

"सर, नाडी एकशे तीस आहे."

"आकडा बघा ना, सिस्टर."

जवेरियाला दापोलीहून इथे आखातात नर्स म्हणून येऊन नऊ वर्षं झाली होती. ऑक्सिजन कमी पडला की माणूस निळा पडतो, हे ती शिकली होती. पण पुस्तकातली चित्रं गोऱ्या माणसांची होती. हनानच्या काळ्याभोर चेहऱ्यावर तसं काहीच दिसत नव्हतं. जवेरियाने तिचा खालचा ओठ हलकेच ओढून आत पाहिलं. हिरड्या राखेसारख्या करड्या होत्या.

हनान छताच्या कोपऱ्याकडे बघत होती. "हो, आले," ती अरबीत कुणाला तरी म्हणाली. खोलीत त्या दोघी आणि बाळ, एवढीच माणसं होती.

जवेरियाने आधी ऑक्सिजनचा मास्क ओढला, पण हनानने तो हाताने थोपवला. "आधी माझं ऐका."

"ऐकलं. आता लावू द्या."

मास्क बसवून मग तिने सिरिंज उचलली. डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय धमनीतलं रक्त काढायचं नाही, असा नियम होता. लायसन्स जाऊ शकत होतं. तिने मनगटात सुई घातली. लालभडक रक्त यायला हवं होतं. आलं ते जांभळट काळं.

पाच मिनिटांत लॅबमधून नाशिकच्या ओंकारचा फोन आला.

"जवेरियाताई, ही पेशंट बेशुद्ध आहे का?"

"नाही. आत्ता माझ्याशी बोलली."

"ऑक्सिजन एकोणऐंशी आहे, ताई. काळ्या कातडीवर ते बोटाचं यंत्र कधीकधी जास्त दाखवतं. डॉक्टरांची वाट बघू नका."

तिने थेट आयसीयूला फोन लावला. तिथल्या तपासणीत कळलं, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. आणखी तासभर गेला असता, तर काही करता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी जवेरिया आयसीयूत गेली तेव्हा हनान उशीला टेकून बसली होती. जवेरियाच्या खिशात मेमो होता, ऑर्डरशिवाय रक्त काढल्याबद्दलचा. उत्तरात तिने एकच ओळ लिहिली होती: 'पेशंट सकाळी अकरापासून सांगत होती.'

हनानने तिचा हात धरला. मग विचारलं, "माझ्याआधी किती जणींनी सांगितलं असेल?"

जवेरिया 'माहीत नाही' म्हणणार होती. पण तिला एक चेहरा आठवला, इथिओपियाच्या एका मुलीचा; यंत्रावरचा आकडा दाखवून तिलाही गप्प केलं होतं. मग दुसरा. ती खुर्ची ओढून बसली. चेहरे येतच राहिले, आणि प्रत्येकीचे ओठ हलत होते.