वीसपैकी वीस

हॉस्पिटलच्या सरावाच्या खोलीत पेशंट म्हणून झोपवलेला बाहुला धापा टाकू लागला. काचेपलीकडे बसलेल्या सरांनी बटण दाबलं की त्याची तब्येत ढासळायची. परीक्षेचा नियम एकच, जे कराल ते मोठ्याने सांगायचं. शिकाऊ डॉक्टर हात मागे बांधून घडाघडा म्हणाला, "पेशंटला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, सिनियरना कळवलं." बोटही न हलवता त्याला वीसपैकी वीस मिळाले.

मग अख्खा जन्म वॉर्डात गेलेल्या सिस्टर आल्या. त्यांनी मुकाट्याने बाहुल्याला उठवून बसवलं, मास्क लावला, ऑक्सिजन सोडला.

"तोंडाने काहीच बोलला नाहीत," सर म्हणाले. "मार्क कशाचे देऊ? नापास."

महिन्याभराने सर स्वतःच न्यूमोनियाने वॉर्डात दाखल झाले. दुपारी त्यांना धाप लागली, ओठ निळे पडायला लागले. ड्यूटीवर नेमका तोच वीसपैकी वीसवाला. तो धावत आला, पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पेशंटला उठवून बसवलं! ऑक्सिजन लावला!"

सरांनी बोटाने भिंतीवरच्या मास्ककडे खूण केली.

तो आणखी जोरात म्हणाला, "सिनियरना कळवलं!"

तेवढ्यात सिस्टर पोचल्या. त्याला कोपराने बाजूला सारून त्यांनी सरांना उठवून बसवलं, मास्क चढवला, ऑक्सिजन सोडला.

हळूहळू सरांच्या ओठांवर रंग आला. मास्कच्या आतून ते काहीतरी बोलायला बघत होते.

"बोलू नका, सर," सिस्टर म्हणाल्या. "मी तरी कुठे काय बोलले? करा परत नापास."