जनसुनावणी

मिठागरातून रस्ता न्यायचा म्हणून गावात जनसुनावणी भरली होती. गोदू बोलायला उभी राहिली आणि पहिल्याच शब्दाला अडखळली. मागून कुणीतरी खुसखुसलं. एरवी ती मान खाली घालून बसली असती. पण तिच्या अडखळण्यावर अलिबागच्या समुपदेशक बाईंनी वर्षभर करून घेतलं होतं, तसं तिने पाय जमिनीवर घट्ट रोवले, खांदे सैल सोडले, श्वास पोटापर्यंत जाऊ दिला.

सुनावणी घेणारे साहेब घड्याळ बघत उठले. "बाई, लेखी द्या आणि मोकळ्या व्हा."

"लेखी ति-तीनदा दिलं. वाचलं न्हाय कुनी," गोदू म्हणाली. "आता ब-बसा, साहेब. मला वेळ लागनार हाय."